शिंपीला उन्हाची सवय

ताडकळसच्या बसथांब्यावर उतरून कुणालाही विचारा, समुद्रवाले सर कुठे राहतात, तर तो घरापर्यंत आणून सोडील. समुद्र इथून किती लांब, हे मात्र विचारू नका. सिद्धोधन सरांनी तो घरातच आणलाय. बैठकीत, जिथे लोकांचा टीव्ही असतो तिथे, चार फुटी काचेची टाकी. आत खारं पाणी, प्रवाळ, दोन नारिंगी मासे आणि एप्रिलपासून एक शिंपला. जगात जर्मनी, भारतात परभणी असं आमच्याकडे उगाच म्हणत नाहीत.

शिंपला म्हणजे नदीत सापडतो तो मळकट नव्हे. तळहाताएवढा, पन्हाळीसारख्या कवचाचा, आणि कवच उघडलं की आतून निळीशार झालर बाहेर येते, तिच्यावर हिरवे ठिपके. परवान्याच्या कागदांसह, पैदास केंद्रात वाढवलेला. सर शाळेत विज्ञान शिकवतात, त्यामुळे पाहुण्याला चहाआधी धडा मिळतो. ह्या झालरीत डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि शिंपल्याला खाऊ घालतं.

"म्हणजे भाडेकरूच स्वयंपाक करतात," सरांच्या पत्नी धम्मशीलाताई म्हणाल्या होत्या, "लय नशीबवान मालक हाय."

सर हसले, पण त्याच दिवशी त्यांनी ताईंना शब्दही दिला. हा जीव आपण एवढ्या लांब आणलाय. हा जगला नाही तर टाकी मोडायची, पुन्हा समुद्राचं नाव काढायचं नाही. सर दिलेला शब्द पाळणारे, हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि नेमकी हीच पंचाईत होती.

पहिली चूक अस्सल परभणीची. एप्रिलात पारा त्रेचाळीसवर गेलेला. आपल्याकडच्या माणसाला जीव लावायचा म्हटलं की सावली करणं एवढंच सुचतं. सरांनी खिडक्यांना पडदे लावले, टाकीवरचा दिवा मंद केला. शिंपला महिनाभरात तपकिरी पडला, झालर ताणताणून उजेड शोधू लागला. नांदेडचा मासेवाला हरिओम फोनवर म्हणाला, "सर, उजेड कमी पडायलाय. ह्याला भरपूर लागतो, पण..." सरांनी 'भरपूर' ऐकलं आणि फोन ठेवला. 'पण' नांदेडातच राहिलं.

नवा दिवा आला. तीनपट जोराचा. सरांनी पहिल्याच दिवशी तो पूर्ण लावला, सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत. आगीतून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच. चौथ्या दिवशी झालरीच्या मधोमध फिकट डाग पडला. सातव्या दिवशी अर्धी झालर पांढरी झाली आणि शिंपला बोटभरसुद्धा उघडेना. सरांनी पुण्या-मुंबईचे सगळे व्हिडिओ पालथे घातले, पण प्रत्येकात वेगळाच शहाणा.

त्या दुपारी गीताबाई, म्हणजे सरांची आई, जेवायला आली. गावाबाहेर रस्त्यालगत तिची रोपवाटिका आहे. मिरची, वांगी, कोबी, सगळी रोपं ऊन गाळणाऱ्या हिरव्या नेटखाली. शाळा दुसरीपर्यंत. पण बोट मातीत खुपसून पाणी आज द्यायचं की उद्या, हे ती सांगते आणि ते चुकत नाही. टाकीकडे ती फारशी बघत नसे. तिच्या लेखी शिंपी म्हणजे दुधाच्या पातेल्याची खरवड काढायची वस्तू.

"शिंपी मरायलीय का रं?" तिने विचारलं.

"शिंपी न्हाई, शिंपला," सर वैतागले. "आई, तुला त्यातलं कळत न्हाई. उजेड कमी केला तर उपाशी मरतो, वाढवला तर करपतो."

"करपतो?"

तिने भाकरी ताटात ठेवली आणि टाकीसमोर उकिडवी बसली. बराच वेळ त्या पांढऱ्या डागाकडे बघत राहिली.

"किती दिस झाले ऊन द्यायलास?"

"सात."

"पहिल्या दिसापासून सगळं?"

सरांनी मान डोलावली.

"आरं, माझ्या नेटमधली मिरची भर दुपारी वावरात लावशील का तू?"

सरांना हसावं की रडावं कळेना. सुट्ट्यांत रोपांचे ट्रे उचलून उचलून जो वाढला, त्याला हे सांगावं लागलं! रोप आधी नेटच्या कडेला ठेवायचं, मग फक्त सकाळचं ऊन, मग थोडं दुपारचं, आणि आठेक दिवसांनी वावर. ह्याला घरात 'ऊन सरावणं' म्हणत. काखेत कळसा होता आणि सर पुण्याला वळसा घालून आले होते.

गीताबाई जेवण अर्धं टाकून गेली आणि हिरवी नेट घेऊन आली.

"ही न्हाई चालायची," सर म्हणाले. "ह्याला निळा उजेड लागतो, हिरव्यातून उजेडाचाच रंग बदलला तर?"

"मंग पांढरी घे, किड्याची जाळी हाय की."

दिव्याखाली, टाकीवर, पांढऱ्या जाळीचे चार पदर ताणून बांधले गेले. सरांनी वही काढली. "किती दिवसांनी एक काढायचा?"

"वहीला काय इचारतोस? तिला इचार."

आणि ती खरंच विचारायची. रोपांच्या हंगामात तिला पाणी प्यायला फुरसत नसते, तरी रोज येता-जाता पाच मिनिटं टाकीसमोर बसायची. पंधरा दिवसांनी डाग पसरायचा थांबला. तेव्हा पहिला पदर निघाला. पुढच्या पंधरवड्यात शिंपला दोन बोटं उघडला, दुसरा निघाला. जुलै संपताना झालरीच्या कडेला निळी रेघ उमटली, आणि सरांना धीर धरवेना.

"आता राहिलेले दोनी काढतो, आई. बरा झालाय."

त्यांनी जाळीला हात घातला तेवढ्यात गीताबाईने मनगट धरलं.

"घाई करू नको. एकदा म्या केलीय घाई."

"कधी?"

"तुला नांदेडच्या हॉस्टेलात टाकलं तवा. धा वर्षांचा होतास. शिकलं पायजे, शिकलं पायजे, एवढंच डोस्क्यात. आदल्या दिसापर्यंत माझ्या पदराखाली, अन् दुसऱ्या दिशी एकदम तिथं. उन्हाळ्यात परत आलास तर असाच पांढराफटक पडला व्हतास, बोलंना का चालंना. नेट तवा न्हवती आपल्याकडं, पण अक्कल तरी पायजे होती मला."

सरांना वाटत होतं, ते दिवस फक्त आपल्यालाच माहीत आहेत. हॉस्टेलच्या मोरीत नळ सोडून रडायचं, हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि ही बाई पंचवीस वर्षं ते मनात ठेवून, दुसऱ्यांच्या वावरात जाणारं एकेक रोप उन्हाला सरावत होती. सरांना आईचा एवढा अभिमान वाटला की डोळे भरून आले. त्यांनी एकच पदर काढला.

शेवटचा पदर ऑगस्टच्या अखेरीला निघाला. दिवा पूर्ण, वर काहीच नाही. धम्मशीलाताईंनी चहा ठेवला, पण कुणी घेईना. मग कवच हललं आणि निळी झालर बाहेर आली, उलगडत उलगडत काठापर्यंत, मधोमधसुद्धा निळी.

"बघू, बघू," म्हणत गीताबाई टाकीवर ओणवी झाली. तिची सावली पाण्यात पडली आणि शिंपला खटकन मिटला.

"आगं बाई! काय झालं?"

"काई न्हाई," सर म्हणाले. "सावली पडली की मिटती ती."

गीताबाईचं तोंड उतरलं. "मंग मी सरकते बाजूला," ती म्हणाली. "झालं माझं काम." जाळीची घडी काखेत मारून ती दाराकडे वळली.

सरांनी तिचा हात धरला, तिला टाकीसमोर, काचेला नाक लागेल इतक्या जवळ बसवलं आणि स्वतः शेजारी बसले.

"वरून नको, आई. इथून बघ. इथून तुझी सावली पडत न्हाई. थांब, उघडती आता आपली शिंपी."