सोल्लीच्या चालीचा तिसरा टप्पा

मी एक जुनी फेले आहे. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका, मित्रांनो. नॉर्वे देशात व्हायोलिनच्या जातीचं एक वाद्य असतं, त्याला तिथले लोक फेले म्हणतात. साध्या व्हायोलिनला चारच तारा असतात. मला वर चार आणि त्यांच्याखाली आणखी पाच आहेत. खालच्या तारांवर गज फिरत नाही. वरच्या तारा वाजू लागल्या की त्या आपोआप घुमतात. तुमच्या सारंगीला तरफा असतात ना, तशाच. माझ्या अंगावर काळ्या शाईची वेलबुट्टी आहे, बोटं चालतात त्या पट्टीवर शिंपल्याचे तुकडे बसवलेत आणि माथ्यावर मुकुट घातलेल्या मुलीचं डोकं कोरलंय. तेव्हा मी थोडी मिरवले तर समजून घ्या. सध्या माझा मुक्काम अमेरिकेत, सिएटलजवळच्या बॉथेल गावात, एका मराठी घरात आहे.

माझा जन्म नॉर्वेतल्या एका डोंगरातल्या वाडीत झाला. वाडीचं नाव सोल्ली, म्हणजे उन्हाचा उतार. तिथली रीत अशी, की माणूस ज्या वाडीचा, तेच त्याचं आडनाव. पाटणचा तो पाटणकर, तसा सोल्लीचा तो सोल्ली. एका सुताराने लांबलचक हिवाळ्यात मला घडवलं. बाहेर पुरुषभर बर्फ आणि आत शेगडीजवळ तो मला तासत बसलेला. त्याचे हात खरखरीत होते, पण माझ्यावरून फिरताना फार हळू फिरायचे.

पुढे गावोगाव एक धर्मोपदेशक फिरू लागला. फेले हे सैतानाचं वाद्य आहे, तिच्या नादाने माणसं नाचतात आणि देवाला विसरतात, असं तो सांगायचा. लोकांनी आपापल्या फेले आणून चुलीत घातल्या. माझ्या कितीतरी बहिणी अशा राख झाल्या. सोल्लीच्या म्हातारीने मात्र मला सातूच्या कणगीत खोल पुरून ठेवलं आणि विचारणाऱ्यांना शांतपणे सांगितलं, की आमची कधीच जळाली. देवाच्या माणसाशी ती खोटं बोलली म्हणून मी आज तुमच्याशी बोलते आहे.

सोल्लीची स्वतःची एक चाल होती. वाडीतली मुलगी लग्नाला निघाली की वाजवणारा सगळ्यांच्या पुढे चालायचा आणि ती चाल वाजवायचा. तिचे तीन टप्पे होते. पहिला नवरी उंबऱ्याबाहेर पडताना. दुसरा ओढ्यावरच्या पुलापर्यंत. तिसरा टप्पा वाडीच्या फाटकापाशी. तिथे नवरी पुढे जायची आणि वाजवणारा मागे वळून उभा राहायचा. तिसरा टप्पा नवरीसाठी नव्हताच मुळी. तो मागे राहिलेल्यांसाठी होता. ही चाल कुणी लिहून ठेवली नव्हती. बापाने समोर बसून शिकवायची आणि मुलाने कानाने उचलायची, असंच चालत आलं होतं.

माझा शेवटचा वाजवणारा हाल्वर. मी त्याला गुडघ्याएवढा असल्यापासून ओळखत होते, म्हणून त्याला अरेतुरे करते. त्याच्या बहिणीच्या, सिग्रिदच्या लग्नात त्याने ती चाल फाटकापर्यंत वाजवली. सोल्लीतलं ते शेवटचं लग्न. त्यानंतर खोऱ्यात विजेसाठी धरण झालं आणि उन्हाचा उतार पाण्याखाली गेला. धरणात गेलेली गावं तुमच्याकडेही आहेत, तेव्हा जास्त काय सांगू. सिग्रिद नवऱ्याच्या गावी राहिली. हाल्वर मला घेऊन बोटीने अमेरिकेत आला.

इथे तो सिएटलहून अलास्काकडे जाणाऱ्या मासळीच्या बोटींवर कामाला लागला. किनाऱ्यावर असला की मी नॉर्वेजियन मंडळींच्या हॉलमध्ये वाजायची. सतरा मे हा त्यांचा राष्ट्रीय सण. त्या दिवशी बायका चांदीचे दागिने घालून मिरवणुकीला यायच्या आणि हाल्वर माझ्यासकट सगळ्यांच्या पुढे असायचा. लोक मला कुशीत घेऊन फोटो काढायचे. मी शेफारून गेले होते, खोटं कशाला बोलू. पण सोल्लीची चाल त्याने इथे कधी वाजवली नाही. "फाटकच नाही, तर कुठे वळून उभा राहू?" असं तो बायकोला म्हणायचा.

मग बायको गेली. मूलबाळ नव्हतं. हॉलमधली म्हातारी मंडळी एकेक करून कमी झाली. हाल्वर बॉथेलच्या एका अपार्टमेंटमध्ये राहायला आला आणि मी फ्रिजच्या वर, केकच्या रिकाम्या डब्याशेजारी जाऊन बसले. माझी एक तार तुटली. फ्रिजची घरघर ऐकत मी कितीतरी वर्षं काढली. राजवाड्यातून अडगळीत म्हणतात ते हेच, आणि राजवाडा तरी कुठे होता म्हणा.

एका दुपारी हाल्वरला काय वाटलं कोण जाणे, त्याने मला खाली काढलं, तार बसवली आणि हलकेच गज फिरवला. थोड्या वेळाने दार वाजलं. बाहेर शेजारची मुलगी उभी होती, स्वानंदी. तिचा नवरा सिद्धेश सॉफ्टवेअर कंपनीत होता. तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. नागपूरला गुरुजींकडे ती व्हायोलिन शिकली होती, आणि इथे दिवसभर घरात एकटी बसून कंटाळून गेली होती.

"सॉरी, डिस्टर्ब करते," ती म्हणाली, "पण इथे सारंगी कोण वाजवतंय?"

हाल्वरने तिला आत बोलावलं. तो इंग्रजीत बोलायचा, मी तुम्हाला मराठीत सांगते. तिने माझ्या खालच्या तारांवरून बोट फिरवलं आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. त्याला ती काका म्हणायची. काका म्हणजे बापाचा भाऊ, हे कळल्यावर हाल्वर फार खूश झाला. इतक्या वर्षांनी या देशात त्याला पुतणी मिळाली होती.

दोन वर्षांत स्वानंदीच्या हाती माझ्या बऱ्याच चाली आल्या. मग हाल्वरने सोल्लीची चाल काढली. पहिला टप्पा दिला, दुसरा दिला. तिसऱ्यापाशी गाडी अडली. त्यातलं पहिलंच वळण त्याला आठवेना, आणि त्याच्यावाचून पुढचं हाताला येईना. सगळा उन्हाळा तो ते शोधत होता. सुरू करायचा, अडखळायचा, गज खाली ठेवायचा. सिद्धेश म्हणाला, "काका, जेवढं येतंय तेवढं रेकॉर्ड करून ठेवू." हाल्वर म्हणाला, "अर्धा रस्ता घेऊन काय करू? पूर्ण सापडला की मग तुझं मशीन आण." त्याचं हृदय अधू झालं होतं आणि ही चाल आता जगात त्याच्या एकट्याच्या डोक्यात उरली होती. हे तो जाणून होता, स्वानंदी जाणून होती आणि मी तर रोज बघतच होते. सरावासाठी त्याने मला तिच्या घरी ठेवलं.

दोन हजार सातचा ऑक्टोबर होता. स्वानंदीची आई, सुमित्राबाई, नागपूरहून आल्या होत्या. शनिवारी खंडेनवमी आली. त्यांनी चौरंग मांडला. त्यावर सिद्धेशचा लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, घरातला हातोडा, सुरी आणि मधोमध मी. मला हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली, निरांजन ओवाळलं. मित्रांनो, माझ्या साऱ्या आयुष्यात असा मान मला कुणी दिला नव्हता. मी सुखावून डोळे मिटले म्हणा ना.

तेवढ्यात हाल्वर आला. केस नीट विंचरलेले, चेहरा उजळलेला.

"स्वानंदी, मिळालं," तो दारातूनच म्हणाला. "सकाळी दाढी करताना बोटं आपोआप चालू लागली. ते वळण मिळालं. फेले दे, आत्ता शिकवतो."

स्वानंदी आईकडे वळली. "आई, काकांना ते आठवलंय गं. उचलू का हिला?"

"अगं, काय करून राहिलीस?" सुमित्राबाई म्हणाल्या. "पूजेत बसवली न ती. आजच्या दिवशी हत्यार, वाद्य वापरत नाहीत, त्यांनाही विसावा लागतो. उद्या दसरा आहे. उत्तरपूजा झाली की घे, त्यांना सोनं दे, पाया पड आणि शीक. याच्याहून चांगला मुहूर्त कोणता?"

"घे ना यार, स्वानंदी," सिद्धेश म्हणाला. "देव काही माइंड करणार नाही."

स्वानंदी घुटमळली. लहानपणापासून या दिवशी तिने व्हायोलिनला हात लावला नव्हता. गुरुजींच्या घरीही सगळी वाद्यं अशीच फुलांखाली असायची. आणि समोर उभा असलेला काका आज इतका ठणठणीत दिसत होता. तिने त्याला सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाली, "काका, उद्या सकाळी. पक्कं."

हाल्वर रागावेल असं मला वाटलं. तो चौरंगापाशी आला, गुडघ्यावर हात टेकत कसाबसा खाली बसला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"आमच्याकडे हिला देवाच्या नावाने जाळायला निघाले होते," तो म्हणाला. "आणि तुम्ही हिला देवाशेजारी बसवलंत. झोपू दे आज तिला. पन्नास वर्षं थांबलंय, उद्यापर्यंत थांबेल."

"निदान गुणगुणून तरी दाखवा," सिद्धेश म्हणाला.

"गळा माझा बोटींवरच्या वाऱ्याने नेला," हाल्वर हसला. मग त्याने उजवा हात आडवा धरला आणि डाव्या हाताची बोटं स्वेटरच्या बाहीवर चालवली. अख्खा तिसरा टप्पा त्याने बाहीवर वाजवला. स्वानंदी टक लावून बघत होती. मीही बघत होते. पण बाहीला तारा नसतात, मित्रांनो. कुठलं बोट कुठल्या तारेवर पडलं ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की फुलं बाजूला करा, मला उचला, मला नको हा विसावा. पण आम्हाला वाजवल्याशिवाय आवाज नसतो. सुमित्राबाईंनी त्याला शिरा दिला, त्याने तो बोटं चाटून खाल्ला आणि तो आपल्या घरी गेला.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत, म्हणून स्वानंदीने मेपलची पिवळी पानं वेचून आणली होती. एका हातात ती पानं आणि दुसऱ्या हातात मी, अशी ती त्याच्या दाराशी गेली. तिने बेल वाजवली. मग दार ठोठावलं. मग सिद्धेशने मॅनेजरला बोलावून किल्लीने दार उघडायला लावलं. हाल्वर खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. झोपेतच गेला, असं डॉक्टर म्हणाले.

सुमित्राबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. "माझ्या तोंडून गेलं ते," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. स्वानंदी त्यांना जवळ घेऊन म्हणाली, "उद्या असं शेवटी मीच म्हटलं ना, आई." कुणी कुणाला दोष दिला नाही. दोष दिला असता तर कदाचित रडून मोकळं तरी होता आलं असतं.

नॉर्वेला सिग्रिदला कळवलं. मला तिच्याकडे पाठवू का, असं सिद्धेशने विचारलं, तर ती म्हणाली, फेले स्वानंदीकडेच राहू द्या, माझ्या घरात वाजवणारं कुणी नाही. सारा हिवाळा स्वानंदी तिसरा टप्पा शोधत बसायची. बाहीवरची बोटं आठवायची, माझ्या तारा वेगवेगळ्या जुळवून बघायची. एखादी जागा बरोबर लागली की मी अंगभर घुमायची, तिला सुचवायला बघायची. पण पुढच्याच सुराला वाट चुकायची.

या वसंतात एका रविवारी सिग्रिदचा फोन आला. तिचं इंग्रजी मोडकंतोडकं आहे. भावाची चाल ऐकव, ती म्हणाली. स्वानंदीने फोन स्पीकरवर ठेवला आणि मला खांद्याशी घेतलं. नवरी उंबऱ्याबाहेर पडली. ओढ्यावरच्या पुलाशी आली. तिथे स्वानंदीचा गज थांबला.

पलीकडे सिग्रिद वाट बघत होती. ती म्हणाली, "आता फाटक. वाजव ना पुढचं."

"आजी, मला एवढंच येतं," स्वानंदी म्हणाली. "तुम्हाला आठवतं का? तुमच्याच लग्नात वाजवलं होतं ना शेवटचं. थोडंसं गुणगुणता का?"



"नाही गं," सिग्रिद म्हणाली. "मी तेव्हा रडत होते. मी ऐकलंच नाही."

मित्रांनो, शेवटी येऊन आम्हाला जपा, असं सांगायची आम्हा जुन्या वस्तूंमध्ये पद्धत आहे. मला कशाची कमी नाही. स्वानंदी मला रोज मऊ फडक्याने पुसते, दमट हवेत पेटी बंद ठेवते. मला तुमच्याकडून माझ्यासाठी काही नको. पण तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस कधी दारात येऊन म्हणालं, की मला आठवलंय, ये शिकवतो, तर हातातलं सगळं बाजूला ठेवा. पूजा मांडली असेल तर तीही मोडा. आम्हाला फुलं वाहा, कुंकू लावा, आम्हाला ते फार आवडतं. पण ते दुसऱ्या दिवशीही चाललं असतं. मी रुसले नसते.