कोळ्याच्या पोरीचं जेवण

मी कोळ्याची पोर बोलतेय. पण आधी एका नेमाचं सांगते, कारण त्याच्याच आधारानं मी वाढले.

या घरच्या बाईंची लेक तापानं अंथरुणाला खिळली होती. घोटभर पाणीही पोटात ठरेना. तेव्हा बाई देवापुढे हात जोडून म्हणाल्या होत्या, "पोरीच्या तोंडाला चव येऊ दे. माझ्या घरात मी कुणा जिवाला उपाशी राहू देणार नाही." ताप उतरला. चव मात्र यायची राहिली. लेक दोन चमचे सूप घ्यायची आणि वाटी सरकवायची. बाईंनी नेम धरून ठेवला. दारात कुणीही येवो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलात का?"

माझा जन्म बाहेरच्या कुंपणावरचा. रेशमाच्या पिशवीत आम्ही भावंडं दाटीवाटीनं राहायचो. सुरुवातीला खायची चिंताच नव्हती. आईनं शिदोरी आमच्या पोटातच बांधून दिली होती. ती संपत आली तशी भावंडांची नजर बदलली. खरं सांगायचं तर माझीही. आमच्यात भुकेपुढे नातं टिकत नाही, म्हणून वेळीच पांगायचं असतं. मी एक धागा वाऱ्यावर सोडला. वाऱ्यानं मला उचललं आणि थेट या स्वयंपाकघराच्या खिडकीत आणून टाकलं.

खिडकीत फुलांची कुंडी होती. कुंडी आणि चौकट यांच्यामध्ये मी बशीएवढं जाळं विणलं. मला डोळे आठ, पण दिसायच्या नावानं बोंब! सगळं कळतं ते धाग्याच्या थरथरीतून. बोलण्यानंसुद्धा माझं जाळं हलतं.

"वहिनी, ते जळमट झाड बघू आधी," बाईंच्या थोरल्या नणंदबाई म्हणाल्या.

"असू दे हो वन्सं. भुकेली असेल बिचारी."

"मग काय, ताट वाढणार आहेस तिला?"

चेष्टाच ती, पण बाईंनी मनावर घेतली. भाताचं एक शीत चिमटीत धरून अलगद माझ्या जाळ्यावर ठेवलं. माझ्यासाठी तो धोंडाच! जाळं मधोमध फाटलं. दुसऱ्या दिवशी दुधाचा थेंब आला आणि धागे घेऊन खाली गेला. त्यातच, भाचीला वारा लागेल म्हणून नणंदबाईंनी खिडकी घट्ट लावून घेतली. मग चिलटही फिरकेना.

एका सकाळी मी उरलंसुरलं जाळं गुंडाळून खायला घेतलं. आमची ती रीतच आहे. जुनं जाळं पोटात जातं, त्यातूनच नवं निघतं. बाईंना मात्र ते बघून धस्स झालं.

"वन्सं, भुकेनं स्वतःचंच घर खातेय हो ही! माझा नेम मोडला. आता पोरीचं..." बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

नणंदबाईंचा आवाज मऊ झाला. "रडू नकोस. मी तिला बाहेर झटकते. घराबाहेर गेली की तुझ्या नेमात कुठे बसते?" आणि त्यांनी झाडू उचलला.

"आत्या, थांब!" लेक भिंतीला धरत आली होती. हातात वडिलांचं भिंग. ते घड्याळं दुरुस्त करतात. भिंग डोळ्याला लावून ती माझ्यावर वाकली, कितीतरी वेळ.

"आई, धाग्यांवर पिवळी पूड आहे. या फुलांचीच! धाग्याबरोबर ही तीसुद्धा खातेय."

बरोबर ओळखलं तिनं. वारा फुलांचे पराग उडवतो, ते माझ्या चिकट धाग्यांना लागतात, आणि जाळ्याबरोबर मी तेही खाते. चिलट सापडलं तर मेजवानीच. त्यावर पाचक रस सोडायचा, पातळ झालं की शोषून घ्यायचं. नाही सापडलं, तर परागांवर वेळ निभावते. पण बंद खिडकीत वारा कुठला?

"ही माझ्यासारखीच, आई. हिला पातळच लागत असणार," लेक हसली. दुखण्यानंतर पहिल्यांदाच. "हिला वाढायचं नसतं गं. खिडकी उघडायची असते."

"शाल घे मग," नणंदबाई पुटपुटल्या, आणि कडी त्यांनीच काढली.

मग लेक रोज खिडकीशी बसू लागली. आज काय सापडलं, फुलझाडावरचा मावा की चिलट, हे भिंगातून बघता बघता तिची वाटी रिकामी व्हायची. एक दिवस ती सहज म्हणाली, "आई, आज चावून खायला काहीतरी दे ना."

बाईंच्या हातातला डाव तिथेच थांबला. त्यांनी डोळे मिटून देवाला हात जोडले. मग खिडकीकडे वळून मलाही.

आता माझं जाळं ताटाएवढं झालंय. लवकरच मीही रेशमाची पिशवी विणीन, पोरांच्या पोटात शिदोरी बांधून देईन. वारा त्यांना कुठे नेईल, मला काय ठाऊक! एखादी तुमच्या खिडकीत आली, तर तुम्हीही बाईंसारखा नेम धरा. भात नको, दूध नको. झाडू उचलाल तेव्हा क्षणभर थांबा आणि आधी विचारा, "जेवलीस का गं?"