पाचवी टाप वाऱ्याला

"पाय लांब काढ! माझी घोडी भुईला शिवलेली दिसता कामा नये!"

हा आवाज ऐकला तेव्हा माझा रंग अजून ओला होता. मित्रांनो, मी एक जुनं चित्र आहे, इंग्लंडातल्या घोड्यांच्या शर्यतीचं. दोनशे वर्षं होत आली. आवाज माझ्या पहिल्या मालकाचा. चित्रकार तर पहाटे तबेल्यात बसून घोडे न्याहाळणारा माणूस. पुढचे पाय पुढे, मागचे पाय मागे ताणून घोडी धावत नसते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण मालकापुढे तो गप्प राहिला, आणि मी खोट्या पायांनी जन्माला आलो.

पुष्कळ वर्षं दिवाणखान्यात मिरवलो. मेणबत्त्यांच्या उजेडात पाहुणे म्हणायचे, "उडतेय बघा!" मग कॅमेरा आला. धावत्या घोड्यांचे फोटो निघाले. चारही पाय हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात, हे साऱ्यांना कळलं. तेच पाहुणे मला हसू लागले. दिवाणखान्यातून मी जिन्यात गेलो, जिन्यातून माळ्यावर. तिथे ओल लागली, घोडीच्या डोळ्यापाशी तडा गेला. शेवटी समुद्र ओलांडून नेदरलँड्समध्ये, लायडनच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात, मोडक्या खुर्च्यांमागे भिंतीकडे तोंड करून पडलो.

तिथून मला मैत्री नावाच्या एका मराठी मुलीने उचललं. ती इथे संशोधन करते. स्वतःचा रेनकोट मला गुंडाळला, सायकलला बांधलं आणि भिजत घरी आणलं. तिचे बाबा, शशिकांत, पुण्याहून तीन महिन्यांसाठी येणार होते. त्यांचा सारा जन्म रेसकोर्सवर मोतद्दार म्हणून घोडे सांभाळण्यात गेलेला.

आल्या आल्या ते माझ्यापुढे उभे राहिले. "मैत्री, ही घोडी अशी पळाली तर पोटावर आपटंल की गं!"

"बाबा, अँटिक आहे. जरा कौतुक करा."

"कौतुकच करतोय. कातडीची चमक बघ. काढणारा घोडा जाणत होता. कुणीतरी असं काढायला लावलंय त्याला."

दोनशे वर्षांत मला इतकं कुणी ओळखलं नव्हतं.

मग करोनाचे ते दिवस आले. विमानं थांबली, दारं मिटली, दुकानांपुढे दीड मीटरच्या पट्ट्या आल्या. बाबांचं तिकीट एकदा रद्द झालं, मग दुसऱ्यांदा. दर रविवारी बापलेक माझ्या शेजारच्या बुद्धांच्या तसबिरीपुढे पंचशील म्हणत आणि मग पुण्याला फोन लावत. तिकडे बाबांचा धाकटा भाऊ बबन, एके काळी तेच घोडे पहाटे फेरीला काढणारा. दोघांची एक रीत होती. बाबा टेबलावर बोटांनी चार टापा वाजवायचे आणि धावता घोडा हवेत असतो तेवढा क्षण थांबायचे. तिकडून चार यायच्या.

"चार टापा भुईला, पाचवी वाऱ्याला," बबनकाका हसायचे. "दादा, थांबायला विसरलास तर घोडा पडला म्हणून समज!"

ऑगस्टमध्ये काकांना दवाखान्यात नेलं. एका दुपारी बाबा कालव्याकाठी फिरायला गेलेले असताना मैत्रीचा फोन वाजला. ऐकता ऐकता ती माझ्याखाली जमिनीवर बसली. काका गेले होते. "बाबांना नको सांगूस," ती फोनवर चुलतभावाला म्हणाली. "त्यांचं हृदय आधीच नाजूक आहे, आणि इथून जाता तर येणार नाही. पुण्याला परत आले की सांगू."

बाबा रोज म्हणायचे, "बबनला बोलवत नसंल तर बोलू नको म्हणावं. नुसत्या चार टापा वाजव म्हणावं." रविवारी पंचशील म्हणताना, खोटं न बोलण्याच्या ओळीपाशी मैत्रीचा आवाज अडखळायचा.

एके दिवशी तिने ते केलं, माझ्या डोळ्यांदेखत. बाबा अंघोळीला गेले होते. तिने फोन टेबलावर ठेवला आणि शेजारी बोटं वाजवून आवाज भरून घेतला. मग तोच बाबांच्या कानाशी धरला. "काकांनी पाठवलंय."

टप, टप, टप, टप, टप, टप, टप, टप.

बाबांनी पुन्हा ऐकलं. आणखी एकदा ऐकलं. त्यात थांबणं कुठेच नव्हतं. त्यांनी फोन हळूच पालथा ठेवला आणि ते माझ्याकडे पाहत राहिले.

"असंच झालं असंल त्याचं," ते म्हणाले.

"कुणाचं, बाबा?"

"या चित्रकाराचं. खरं ठाऊक असून हात खोटा चालला."

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला ओलीपासून जपा, एवढंच मी मागणार होतो. त्या दिवसापासून आणखी एक मागतो. ज्याचं दुःख आहे ते त्याच्या हातात द्या. उशीर झाला असला तरी द्या. त्याला जपायचं म्हणून त्याच्यापुढे माझ्यासारखं चित्र टांगू नका.

बाहेर पाऊस लागला होता. बाबांनी टेबलावर चार टापा वाजवल्या आणि बोटं तशीच उचलून धरली. वाट पाहत राहिले. मैत्रीने त्यांचा तो हवेतला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"बाबा, काका गेले. आज बारा दिवस झाले. ते वाजवणं माझं होतं."