एकाला नको, तर सगळ्यांना नको

देवपुरात हेमांगीकडे भरिताची पार्टी होती. तिथंच हेमांगी, नवल आणि मी असे तिघं भांडत होतो, की आम्ही बनवत असलेल्या लिनक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या नव्या सिस्टिममध्ये, कोणती सॉफ्टवेअरं आधीपासून द्यायची. नियम माझाच होता: एकानं नको म्हटलं की ते बाहेर. नवलनं माझा ब्राउझर उडवला, म्हणून मी त्याचा एडिटर उडवला. हसून हसून हेमांगीला मिरचीचा ठसका लागला, तरी तिनं गाण्यांचा प्लेअर उडवलाच. शेवटी फक्त पत्त्यांचा खेळ उरला. त्याला नको म्हणणं तिघांच्याही जिवावर आलं.

तेवढ्यात हेमांगीची आत्या भाकरी घेऊन आली आणि माझ्या लॅपटॉपवर पत्ते खेळायला बसली ती उठेचना.

मी खजील होऊन म्हणालो, “आत्या, यात अजून काहीच नाही.”

“काय सांगस? बठ्ठं शे, सगळं शे! सरक तिकडे.”