खारूचा चौकोन

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आम्ही मूल होऊ द्यायचं ठरवलं, तेव्हा दवाखान्यातल्या सल्लागार बाईंनी दोन्ही घराण्यांची माहिती मागितली. नवऱ्याकडची सहज मिळाली. बाबांना विचारलं, तर वर्तमानपत्राआडून उत्तर आलं, "आपल्यात कुणाला काही नाही." म्हणून मी आत्याला बरोबर घेऊन गेले. तिला घरातल्या मांजरांचीही जन्मसालं पाठ होती.

बाईंनी कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं वंशावळ काढायला घेतली. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. बाबांच्या चौकोनाशेजारी आत्याचा गोल उमटला.

"मला जरा बारीक काढा," आत्या म्हणाली.

बाई हसल्या. "आणखी भावंडं?"

आत्या पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "होता एक. सगळ्यात धाकटा. खारू म्हणायचो त्याला."

मी हे नाव जन्मात ऐकलं नव्हतं.

"पापा घेतला की ओठांना मीठ लागायचं, म्हणून खारू. खायचा बकासुरासारखा, पण अंगी काही लागायचं नाही. सदा खोकला. मी शाळेतून आले की दाराशीच हात वर करून उभा. दप्तर एका खांद्यावर, हा दुसऱ्या कडेवर. चौथं वर्ष काही पुरं केलं नाही त्यानं."

बाईंनी एक लहान चौकोन काढला आणि तो काळा केला. "इतक्या वर्षांनी खात्रीनं सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या, "पण खारट घाम, खोकला, वजन न वाढणं, असा एक आजार आहे. तो आई आणि वडील दोघांकडूनही दोष आला तरच होतो. एकाकडून आला तर माणूस ठणठणीत राहतो, फक्त दोष पुढे देऊ शकतो. त्याला वाहक म्हणतात."

दोघंही वाहक असलेल्या आईवडिलांच्या मुलांसाठी त्यांनी चार घरं आखली: एक आजारी, दोन वाहक, एक मोकळं. "तुमचे बाबा आजारी नाहीत, म्हणून हे घर खोडायचं. उरलेल्या तिनांतली दोन वाहकांची. म्हणजे बाबांची शक्यता तिनात दोन, तुमची त्याच्या निम्मी, तिनात एक. यजमानांची कुठल्याही सर्वसाधारण माणसासारखी तिसात एक धरू. दोघंही वाहक असलात, तर मुलाला आजार चारात एक. सगळं गुणलं की तीनशे साठात एक."

आत्याचं गुणाकाराकडे लक्षच नव्हतं. "दोघांकडून म्हणजे, वडिलांकडूनही?"

"हो. हा आजार असेल तर दोघांकडूनही."

"आमचे वडील जन्मभर आईला ऐकवत राहिले, तुझ्या माहेरची कीड म्हणून. ती मान खाली घालून ऐकायची. आणि मी त्याला एकदा थंडीत अंगणात नेलं होतं. त्यानंतरच तो फार आजारी पडला."

"थंडीनं हा आजार होत नाही," बाई म्हणाल्या.

आत्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला.

पुढे रक्ततपासणी झाली. त्या आजाराचा दोष माझ्यात निघाला, नवऱ्यात निघाला नाही, आणि आमची काळजी बरीचशी मिटली.

पण वंशावळ काढली त्या दिवशीच आत्या बाईंकडून तो कागद मागून घेऊन थेट आमच्या घरी आली. बाबांसमोर पसरून तिनं काळ्या चौकोनावर बोट ठेवलं. बाबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. बराच वेळ बघून म्हणाले, "माझ्या बुटात पाय घालून फिरायचा तो."

"डाव्या बुटात उजवा पाय," आत्या म्हणाली.

मी चहा टाकायला आत गेले. बाहेर दोघं एकमेकांचं वाक्य तोडत बोलत होती. दिवेलागणीपर्यंत ती उठली नाहीत.