मान खाली, हात मांडीवर

जीप येणार हे सांगायला गजराबाई आली तवा म्या भाकरी थापायले होते. ती भाकरी तव्यावर टाकायची सोडून तशीच हातात धरून बसले. चुलीत फुफाटा झाला तरी मला भान न्हाय.

"धाराशिवहून एक बाई यायलीय," गजराबाई म्हणली. "साळंत जी लेकरं धड न्हाईत त्यांचा इम्तिहान घेणार. मास्तरनं नावं कळवलीत. तुझ्या कोंडीचं पहिलं हाय, नागू."

"इम्तिहान घेऊन करणार काय?"

"काय करणार? खुळं निघंल ते लेकरू जीपमधी घालायचं आन् खुळ्यांच्या दवाखान्यात नेऊन टाकायचं. बाजारात समदी हेच बोलायलीत."

गजराबाई माझी शेजारीण. निम्म्या गावाची लग्नं तिनं जुळवली, आन् निम्म्या गावाची भांडणं बी तिनंच लावली. तिचं बोलणं अर्ध्यावर धरायचं हे समद्या गावाला ठावं हाय. पण भ्या वाटायला लागलं की कुणी अर्धं धरत न्हाय. म्या पुरं धरलं.

माझी कोंडी नऊ वर्साची. तिच्या आदीची माझी लेकरं जगली न्हाईत, म्हणून हिचं नाव कोंडाबाई ठेवलं. पीठ चाळल्यावर जो उरतो त्या कोंड्याकडं कोण बघतंय? मरण बी बघणार न्हाय, असं सासू म्हणली. मरणानं न्हाय बघितलं, खरं हाय. पण पोर उशिरा चालली, उशिरा बोलली, आन् बोलली ते बी तुटकं. साळंत घातली तर पहिलीच्या वर्गातच बसून राहिली. अक्षर वळंना. मधूनच उठून पळायची, आन् धराया गेलं की चावायची. चावती हे मास्तर खोटं सांगत नव्हते. माझ्या मनगटावर बी वळ हायत.

कोंडीचा बाप बिरू मेंढरं घेऊन सीनाकाठाला गेलता. इचारायचं कुणाला? रस्त्याला गाडीचा आवाज आला की म्या पोरीला वडून जवारीच्या कणगीमागं लपवायची. एकदा तर तो गिरणीच्या इंजिनाचा आवाज होता, आन् म्या येड्यावानी तिला छातीशी धरून कणगीमागं बसून राहिले. कोंडीला वाटलं खेळच हाय. ती खिदळायली, आन् म्या तिच्या तोंडावर हात दाबून रडायले.

"साळंतच धाडत न्हाय बघ तिला," म्या म्हणलं.

"मग जीप घरी येईल," गजराबाई म्हणली. "मास्तरनंच सांगितलं. आगं, घाबरतीस काय? परकं माणूस पोरगी बघाया आलं की काय करायचं, हे मला शिकवतीस व्हय? म्या लंगडी पोरगी खपवली, तोतरी खपवली. मान खाली, हात मांडीवर. इचारल्याबिगर बोलायचं न्हाय. म्होरं ठेवलेल्या जिनसेला हात लावायचा न्हाय, न्हायतर हावरी दिसती. आन् आईनं एकच म्हणायचं, समदं येतं."

आता हसायचं असंल तर हसा. पण आमच्यात पोरीला कुणी परकं बघाया येतं ते एकाच कामाला. दुसरं बघणं आमाला ठावंच नव्हतं.

मग रोज दुपारी, गजराबाईच्या ओट्यावर, लिंबाच्या सावलीत आमचा खेळ सुरू झाला. गजराबाई नवऱ्याचा पटका डोक्याला गुंडाळून सासरा व्हायची आन् खाकरून इचारायची, "नाव काय पोरी?" पहिल्यांदा कोंडी पटका वडायची, पळायची, मातीत लोळायची. गजराबाई शिव्या देत न्हाय असं कधी होत न्हाय, पण कोंडीला तिनं शिवी दिली न्हाय. पोर घडीभर बसली की तोंडात गुळाचा खडा. अजून घडीभर बसली की अजून एक. त्याच ओट्यावर, त्याच जागी. आन् एका दुपारी बया, पोर मान खाली घालून बसली ती बसलीच! "नाव काय?" म्हणल्यावर, "कोंडाबाई बिरू." माझं मलाच खरं वाटंना. आनंद बी झाला आन् भ्या बी वाटलं, कारण दुसऱ्या दिवशी ती बाई यायची होती.

जीप खरंच होती. साळंम्होरच्या बाभळीखाली उभी होती, मागं जाड पडदा सोडलेला. त्या पडद्याआड काय हाय ते दिसंना. अजून कुणाचं लेकरू आत कोंडलेलं हाय का म्हणून म्या कान दिला. काय ऐकू आलं न्हाय, त्यानं जास्तच भ्या वाटलं. कोंडीचा हात म्या इतका आवळला की ती कळवळली.

बाईचं नाव चारुशीलाबाई. चष्मा, साधं सुती लुगडं, वय माझ्यापरीस कमीच. टेबलखुर्ची सोडून ती खाली सतरंजीवर बसली होती. म्होरं एक पेटी, त्यात रंगवलेले लाकडी ठोकळे, चित्रं, एक चेंडू. बाबूराव मास्तर छडी घेऊन भिंतीला उभे. दारात निम्मा गाव, आन् सगळ्यात म्होरं गजराबाई.

कोंडी बसली. मान खाली, हात मांडीवर.

"नाव काय तुझं?"

"कोंडाबाई बिरू."

"छान. हा लाल ठोकळा ह्या पिवळ्यावर ठेवतेस?"

कोंडी हालली न्हाय. बाईनं चित्र दाखवलं, गाय कुठली, मांजर कुठलं. कोंडीची नजर भुईवर. बाईनं चेंडू तिच्याकडं सरकवला. तवा मात्र तिची बोटं वळवळली, आन् तिनं माझ्याकडं बघितलं. म्या डोळे वटारले. बोटं परत मांडीवर गेली. दारातनं गजराबाई "वा" म्हणली.

मग बाई माझ्याकडं वळली. "स्वतःच्या हातानं जेवते?"

"समदं येतं."

"कपडे घालते?"

"समदं येतं, बाई."

"घरात काही काम करते?"

"भाकरी करती. झाडलोट करती." जीभ एकदा सुटली की थांबती व्हय? "लोणचं बी घालती," म्या म्हणलं.

"चिडते? कुणाला मारते?"

"छ्या! गायीवानी गरीब हाय."

बाईनं चष्म्यावरनं माझ्याकडं लई वेळ बघितलं. पेटी मिटली आन् मास्तरला म्हणली, "घरी सगळं करते, सांगितलेलं ऐकते, इतका वेळ एका जागी बसली. हिला वेगळ्या वर्गाची गरज आहे, असं मला आज तरी म्हणता येत नाही."

सुटले! माझा जीव भांड्यात पडला. पण तो तितं घडीभर बी राहिला न्हाय.

"मी काय म्हणत होतो?" बाबूराव मास्तर म्हणले. "येत नाही असं नाही, करायचंच नाही. निव्वळ हट्ट! आता तुम्हीच सांगितलंत, बरं झालं. उद्यापासून बघतो हिचा हट्ट कसा निघत नाही ते." आन् ते कोंडीच्या मागं जाऊन उभे राहिले. छडीचं टोक तिच्या खांद्यावर टेकवलं. "ऊठ."

कोंडी उठली न्हाय. वळली, आन् मास्तरच्या हाताला कडकडून चावली.

मास्तर वरडले. छडी वर गेली. म्या कवा उठले, कवा पोरीच्या अंगावर पडले, मला ठावं न्हाय. छडी माझ्या पाठीवर बसली.

"मारू नका तिला!" म्या वरडले. "हट्ट न्हाय तो! तिला काय बी येत न्हाय! परकराची नाडी बांधाया येत न्हाय. इस्तू कळत न्हाय, दोनदा पोळलीय. मेंढरांच्या वाडग्यापल्याड गेली तर घर गावत न्हाय तिला. कसलं लोणचं? बरणीचं झाकण लावाया येत न्हाय माझ्या लेकराला! न्यायचं तर न्या जीपमधी, पण मला बी संगं न्या!"

दारात गजराबाईनं कपाळावर हात मारून घेतला. निम्म्या गावानं ऐकलं होतं. जे इतकी वर्सं पदराखाली झाकलं ते म्या माझ्याच तोंडानं वेशीवर टांगलं होतं.

चारुशीलाबाई उठली. मला वाटलं, आता डायव्हरला हाक मारणार. तिनं मास्तरला म्हणलं, "तुम्ही हात धुवून घ्या. आणि जरा बाहेरच थांबा." मग दाराकडं बघून, "सगळेच बाहेर थांबा." आन् माझ्याजवळ येऊन सतरंजीवर बसली.

"नागूबाई, जीपमध्ये कुणाला न्यायचं आहे?"

"कोंडीला. खुळ्यांच्या दवाखान्यात."

"कुणी सांगितलं तुम्हाला? ती जीप मला परत न्यायला आहे. ज्या मुलांना शिकायला वेळ लागतो, त्यांच्यासाठी परंड्याला सोमवारपासून सकाळचा एक वर्ग सुरू करतोय. कुणाला त्याची गरज आहे, एवढंच मी बघत हिंडते."

म्या तिच्या तोंडाकडं बघत राहिले. इश्वास ठेवावा का न्हाय? म्या तिला इतकं खोटं सांगितलं होतं, ती बी मला सांगत असंल तर?

"आता मला एक खरं सांगा," ती म्हणली. "चावायच्या आधी काय होतं?"

हे मला आजवर कुणीच इचारलं नव्हतं. समद्यांनी इचारलं, पोटात असताना काय खाल्लंस, कोणत्या देवाचं राहिलंय, कुणाची नजर लागली. चावायच्या आदी काय होतं हे म्या बी कधी सवताला इचारलं नव्हतं. म्या इचार केला. माझ्या मनगटावरचे वळ आठवले, एकेक.

"मागं कुणी उभं राहिलं की चावती," म्या म्हणलं. "मागनं कुणी धरलं की."

"आणि वर्गातून पळते ती?"

"पोरं वरडून पाढे म्हणाया लागली की. कानावर हात ठेवती आन् पळती."

बाईनं लिवून घेतलं. "आणि हे असं मान खाली घालून बसायला तिला कुणी शिकवलं?"

आता लपवायचं राहिलं तरी काय होतं? म्या समदं सांगितलं. ओटा, पटका, रोजची दुपार, गुळाचे खडे. बाईची पेन्सिल थांबली. मग ती इतकी हसली की कोंडी बी तिच्याकडं बघाया लागली.

"म्हणजे शिकते की ही!" बाई म्हणली. "नागूबाई, तुम्ही दोघींनी शिकवलं, फक्त नेमकं नको ते शिकवलंत. तीच जागा, तेच माणूस, थोडं थोडं, जमलं की गोड खडा. हिला असंच शिकवावं लागणार."

तिनं पेटी परत उघडली. कोंडीच्या मागं जाऊ नका म्हणली, म्होरं बसा. म्या कनवटीचा गूळ काढला. "कोंडे, घे गं," म्या म्हणलं, "हात लाव. कुणी रागवत न्हाय." तिनं आदी माझ्या डोळ्यांकडं बघितलं. मग लाल ठोकळा उचलला, हुंगला, आन् पिवळ्यावर ठेवला. म्या खडा दिला. त्याच्यावर तिसरा ठेवायचं काय तिला साधंना. पडायचा, परत पडायचा. मग तिनं समदेच ढकलून दिले.

"हिची समज वयाच्या मानानं कमी आहे," बाई हळू म्हणली. "ती सगळी भरून निघेल, असं मी तुम्हाला सांगणार नाही."

मला ठावंच होतं की. तरी बी कुणी तोंडावर म्हणल्यावर ऐकवंना. म्या पोरीच्या केसांतनं हात फिरवत बसले.

"शेवटचं विचारते. तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

"जीपची," म्या म्हणलं.

"जीपचं झालं आता."

आन् मग जे कधी बिरूला बी बोलले नव्हते ते भायेर आलं. "म्या मेल्यावर हिला कोण बघंल, बाई?"

तिनं पेन्सिल खाली ठेवली. गोड बोलून वेळ मारून नेली असती तरी म्या खुश झाले असते. पण ती म्हणली, "त्याचं उत्तर माझ्याकडं नाही." मग म्हणली, "तहान लागली तर पाणी मागायला शिकवू. वाट चुकली तर गावाचं नाव सांगायला शिकवू. कुणी अंगाला हात लावला तर 'नको' म्हणून ओरडायला शिकवू. वर्षं लागतील. आणायचं काम तुमचं."

"मला लई भ्या वाटतं, बाई. लोकं काय म्हणतील, ही तितं काय करंल, कुणाला चावंल..."

"भीत भीत या," चारुशीलाबाई म्हणली. "पण या."

सोमवारी सकाळी म्या कोंडीला घेऊन परंड्याच्या एस्टीत चढले. भीत भीतच. गावातली माणसं म्होरं बी बसलेली, मागं बी. कोंडीला म्या खिडकीला बसवलं आन् तिच्या पाठीशी कुणी येऊ नये म्हणून मधी माझं अंग घातलं. कंडक्टरनं इचारलं, "कुठं जायचं?"

"परंड्याला," म्या म्हणलं. मग घसा खाकरून, समद्यांना ऐकू जाईल असं म्हणलं, "माझ्या लेकराला शिकायला वेळ लागतो. तिच्या साळंत चाललोय."

कंडक्टरनं एक पुरं आन् एक अर्धं तिकीट फाडून हातात दिलं, आन् तो म्होरल्या बाकड्याकडं गेला.