न केलेली तपासणी

बुधवारी डॉक्टर मिस्बाहला अमरावतीत श्वास घ्यायला फुरसत नसे. एरवी ती अकोल्यात स्वतःच्या दवाखान्यात. बुधवारी मात्र भल्या सकाळी गाडी काढून इथल्या इस्पितळात दुर्बिणीच्या तपासण्या करायला यायची, जठराच्या आणि आतड्याच्या. पोटाच्या डॉक्टरला लोक काय काय दाखवतात ते तिच्या फोनला विचारा. हिने डबा उघडावा आणि कुणीतरी सकाळच्या संडासाचा फोटो पाठवावा, खाली लिहावं, मॅडम, रंग बरा आहे ना? ही एका हाताने पोळी मोडत उत्तर द्यायची. या बाईला कसलीच किळस नव्हती आणि कुणाची भीडही नव्हती, असं सगळे समजत. तीही समजत असे.

त्या बुधवारी चौथी तपासणी आटोपताच सत्यभामाकाकूंचा अकोल्याहून फोन आला. भगवंतकाका फुलांच्या दुकानात चक्कर येऊन पडले होते. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहा. काकूंनी भाबडेपणाने विचारलं, मागचं मलम संपलं आहे, तेच पुन्हा आणू काय?

ते मलम मिस्बाहनेच लिहून दिलं होतं.

अकोल्याच्या जुन्या शहरात काकांचं फुलांचं दुकान आणि तिच्या अब्बांचं बांगड्यांचं, भिंतीला भिंत लागून. अब्बा गेले तेव्हा ती आठवीत होती. पुढे चार वर्षं काकांनीच तिला सायकलवर बसवून शिकवणीला नेलं, आणि तिच्या दवाखान्याचं दार झेंडूने मढवलं तेही त्यांनीच. चार महिन्यांपूर्वी ते दाखवायला आले. संडासवाटे रक्त जातं, मूळव्याधच असेल, म्हणाले. दुसरं कुणी असतं तर तिने कुशीवर झोपवून, हातमोजा चढवून आधी बोटाने तपासलं असतं. पेशंटने मूळव्याध म्हटलं आणि शिकाऊ डॉक्टरने न तपासता तेच लिहिलं, की ती त्याला फैलावर घ्यायची. पण काकांना पायजमा सोडा म्हणायचं कोणत्या तोंडाने? ते फरशीकडे पाहत होते, तीही फरशीकडे पाहू लागली. मलम आणि इसबगोल लिहून दिलं, महिन्याने या म्हणाली. ते आले नाहीत आणि तिने बोलावलं नाही. तिला सुटल्यासारखंच वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

काकांना लगेच माझ्या दवाखान्यात भरती करा, असं तिने काकूंना सांगितलं. मग दवाखान्यातल्या भागीदार डॉक्टर जीवनला फोन लावला. रक्त चढव, संध्याकाळपासून आतडं साफ व्हायचं औषध पाज, सकाळी दुर्बीण तूच घाल, माझ्यासमोर ते संकोचतील. एवढं सांगून ती पुढच्या पेशंटकडे वळली. अजून सात होते, त्यात रक्ताच्या उलट्या होणारा एक मध्येच आला. त्याला टाकून कसं निघणार? हात आपलं काम करत होते, पण मन त्या मलमाच्या चिठ्ठीवरून हलेना. परतताना मूर्तिजापूरपर्यंत तिने जीवनला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तो वैतागून म्हणाला, रक्त चालू आहे, आता मला काम करू दे.

सकाळी ती तपासणीच्या खोलीबाहेर उभी राहिली. काकांनी टेबलावरून जीवनकडे पाहिलं आणि विचारलं, मिस्बाह कुठं आहे? तिलेच बोलवा. झक मारत ती आत गेली आणि दुर्बीण स्वतः हातात घेतली. दुर्बीण डाव्या बाजूच्या वळणापर्यंत गेली आणि तिथे अडली. पडद्यावर गाठ दिसत होती, निम्म्याहून जास्त वाट अडवून बसलेली. तिने तपासायला गाठीचे तुकडे घेतले. अहवाल यायचा होता, पण अशा गाठी तिने शेकड्यांनी पाहिल्या होत्या.

गुंगी उतरून काका चांगले जागे झाल्यावर ती स्टूल ओढून त्यांच्या तोंडासमोर बसली.

"काका, मूळव्याध नव्हतीच. आतड्यात गाठ हाय. मले तवाच तपासाले पायजे होतं. तुमाले लाज वाटंन म्हणून मी तपासलं नाई. चुकलं माझं."



"मले कायची लाज वं पोरी? मी तं दाखवालेच आलो होतो. आंघोळ करून, धुतलेला पायजमा घालून आलो होतो." सलाईनचा हात काकांनी जरा सरकवला. "तूनं तपासलं नाई, तं घरी जाऊन म्या सत्यभामाले सांगतलं, काई नाई हाय. असतं तं मिस्बाहनं मले सोडलं नसतं."

मिस्बाहला रडू फुटलं. तिने ते लपवलं नाही. ऑपरेशन करावं लागेल, त्याआधी स्कॅन करू, पसरलं आहे की नाही ते त्यात कळेल, हे तिने रडतच सांगितलं, आणि काकांनी नीट ऐकून घेतलं.

बाहेर सत्यभामाकाकू मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या. जीवन त्यांच्याशी बोलायला निघाला, तेव्हा मिस्बाहने त्याला थांबवलं आणि स्वतः दार उघडलं.